राउटर दाराशीच का ठोकता?

नवं इंटरनेट घेतलं की जोडणीला आलेला माणूस वायर घरात शिरते तिथेच, मुख्य दाराच्या वर नाहीतर टीव्हीच्या मागे, राउटर ठोकतो. त्याच्या शेजारी उभं राहून मोबाइलवर स्पीड दाखवतो, ओटीपी घेतो आणि निघतो. दाखवलेला आकडा खरा असतो. पण दाराशी उभं राहून घरात कोणी काम करत नाही. मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करते, माझ्या ऑफिसच्या मीटिंगा बेडरूममध्ये होतात, आई स्वयंपाकघरातून नातवाला व्हिडिओ कॉल लावते. तिथे चित्र थिजतं, आवाज तुटतो. महिन्याचे पैसे मात्र पूर्ण घराचे जातात, याचा मला मनापासून राग येतो.

यात गूढ काही नाही. राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतो. 5 चा वेग जास्त, पण भिंतीपुढे तो लवकर दमतो. आमच्याकडच्या भिंती विटांच्या आणि सिमेंटच्या, कॉलममध्ये लोखंडी सळया, वाटेत स्टीलचं कपाट आणि मोठा आरसा. मोबाइलवरच्या ॲपमध्ये सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. दर 3 डीबीएमला ती निम्मी होते. हॉलमध्ये उणे 50 आणि आतल्या खोलीत उणे 80 दिसत असेल, तर आत हजारावा भागच पोचतोय.

2.4 चं दुखणं वेगळं. ती लहर लांब जाते, म्हणून शेजाऱ्यांचीही आपल्या घरात येते. या पट्टीत आपल्याकडे 13 चॅनल आहेत, पण एकमेकांत न घुसणारे तीनच: 1, 6 आणि 11. सोसायटीतल्या प्रत्येक फ्लॅटचा राउटर याच तिघांत जागा शोधतो. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. संध्याकाळी सगळे घरी परतले की हे थांबणं वाढतं. मायक्रोवेव्हही याच पट्टीत चालतो, तो लावला की अडथळ्यात भर पडते.

कॉल सेंटरचं उत्तर ठरलेलं: राउटर बंद करून चालू करा. त्याने कधी फरक पडतो, कारण नव्याने सुरू होताना राउटर कमी गर्दीचा चॅनल निवडू शकतो. भिंत मात्र हलत नाही. मग तक्रार सोडवल्याचा मेसेज येतो, आणि पुन्हा फोन केला की मोठा प्लॅन घ्यायला सांगतात. हा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो. अडचण राउटरपासून खोलीपर्यंतची असताना दारापर्यंतचा वेग 100 वरून 200 एमबीपीएस करून काय साधणार? नळाला पाणी पोचत नसताना गच्चीवरची टाकी मोठी करण्यासारखं आहे हे.

दोष कुठे आहे ते घरीच कळतं. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि स्पीड मोजा. पूर्ण मिळाला तर लाइन ठीक आहे, घोळ वायफायचा. तिथेही कमी आला तर कंपनीला धरा. राउटरवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल हरवल्याचा, लाल दिवा लागला असेल, तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. बहुधा केबल कुठेतरी दुमडली किंवा तुटली आहे, आणि कितीही वेळा बंद-चालू केलं तरी ती जुळणार नाही. स्वस्त रिपीटर घेण्यापूर्वीही विचार करा. एकाच चॅनलवर ऐकून पुन्हा बोलणाऱ्या रिपीटरमुळे वेग साधारण निम्मा होतो. त्यापेक्षा भिंतीवरच्या प्लास्टिकच्या पट्टीतून लॅन वायर आत नेऊन दुसरा ॲक्सेस पॉइंट लावलेला कितीतरी बरा.

खरं तर हे काम पहिल्याच दिवशी व्हायला हवं. फायबर आणखी काही मीटर आत ओढून राउटर घराच्या मध्यावर, उंचावर आणि उघड्यावर लावणं अवघड नाही. बिल्डरांनीही दारापासून पॅसेजपर्यंत त्यासाठी एक पाइप भिंतीत घालून ठेवावा.

आणि वाचकहो, पुढच्या वेळी जोडणीला माणूस आला की त्याला आधी सर्वांत आतल्या खोलीत न्या. दार लावून तिथे स्पीड मोजायला सांगा. तो स्पीड पटला तरच ओटीपी द्या.