पंखा तं फिरून रायला ना, बाप्पा!

वऱ्हाडात ट्रक का तापतो या प्रश्नावर विद्वानांचे तीन संप्रदाय असून, ज्या अमरावती जिल्ह्यात महानुभावांचे रिद्धपूर आहे तेथे संप्रदायांचे वावडे कोणाला असण्याचे कारण नाही. पहिला जलसंप्रदाय. काटा लाल पट्ट्यात गेला म्हणजे रेडिएटरात पाणी कमी झाले, सबब पाणी ओतावे, असे त्याचे प्रतिपादन आहे. आणि पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या ज्या प्रदेशात जमिनीखालचे पाणीच खारे आहे तेथे, बोअरचे पाणी वर्षानुवर्षे ओतल्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचून ट्रक खरोखरच तापू लागत असल्यामुळे, आपल्या सिद्धान्ताचा पुरावा आपल्याच हाताने तयार करण्याची सोय या संप्रदायाला आहे. दुसरा त्यागसंप्रदाय. इंजिन पुरेसे गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी थर्मोस्टॅट नावाची जी झडप असते, ती काढून फेकली की सर्व ताप संपतो, असे तो मानतो. तिसऱ्याची गाठ पुढे पडेलच. पंख्याचा विषय निघाला की पहिले दोन्ही संप्रदाय एकमुखाने जे उत्तर देतात, ते या लेखाच्या शीर्षस्थानी दिले आहे.

उत्तर खोटे नाही. पंखा फिरतच असतो. परंतु फिरणे आणि काम करणे यांतील भेद शासकीय दौऱ्यांच्या अभ्यासकांना नव्याने समजावून सांगावा लागणार नाही, आणि ट्रकाच्या बाबतीत हा भेद ज्या वस्तूच्या स्वाधीन असतो तिला फॅन क्लच म्हणतात. पाण्याच्या पंपाचा आस आणि पंखा यांच्यामध्ये बसणाऱ्या या डब्यात घट्ट सिलिकॉन तेल असते व त्याच्या तोंडावर दोन धातूंच्या जोडपट्टीची स्प्रिंग असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की दोन्ही धातू कमीअधिक प्रसरण पावून स्प्रिंग वळते, आतली झडप उघडते, तेल चकत्यांच्या खाचांत शिरते आणि आसाची गती पंख्याला मिळू लागते. हवा निवली की तेल परत आपल्या कप्प्यात जाते आणि पंखा नुसता रेंगाळतो, ज्यायोगे डिझेल वाचते. तेल गळून गेले किंवा स्प्रिंग थकली की पंखा कायमचाच रेंगाळू लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तो सदैव कार्यरत दिसतो, आणि त्याच्या सेवापुस्तिकेत प्रतिकूल शेरा पडत नाही.

उष्णतेची दखल घेण्यात प्रशासन मागे नाही. मे 2024 मध्ये अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने चक्क कलम 144 लागू करून कामगारांना पिण्याचे पाणी आणि पंखे पुरवण्याचे आदेश काढले. बॉनेटखालच्या पंख्याचा त्यात उल्लेख नसल्याने तो पूर्ववत रेंगाळत राहिला असावा. रस्त्याच्या बाबतीत तर जून 2022 मध्ये अमरावती ते अकोला या टप्प्यात 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत सलग करून गिनीज विक्रम नोंदवण्यात आला. या विक्रमाचा एक लाभार्थी अद्याप कोणाच्या ध्यानात आलेला नाही, तो म्हणजे निकामी फॅन क्लच. गुळगुळीत सपाट रस्त्यावर ट्रक वेगात असताना समोरची हवा आपणहून रेडिएटरमधून घुसते, पंख्याची गरज जवळजवळ उरत नाही, काटा जागेवर राहतो आणि मालक निर्धास्त होतो. तोच ट्रक कापूस घेऊन जिनिंगच्या फाटकासमोर रांगेत उभा राहिला, किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटाला पहिल्या गिअरमध्ये लागला, की काटा चढतो. आणि दोष रांगेला, घाटाला, फार तर नशिबाला दिला जातो. वस्तुतः हेच निदान आहे: संथ गतीत तापणारा आणि वेगात निवणारा ट्रक पंख्याकडे बोट दाखवतो, तर वेगातही तापणारा ट्रक बहुधा रेडिएटर, थर्मोस्टॅट किंवा पंप यांच्याकडे.

इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवल्यावर पंखा हाताने फिरवून पाहावा. झटका देताच तो भिंगरीसारखा फिरत राहिला तर तेल संपले आहे, आणि गरम इंजिन नुकतेच बंद केलेले असतानाही त्याने विरोध केला नाही तर शंकेला जागा राहत नाही. डब्याच्या तोंडावरून त्रिज्येच्या दिशेने उडालेले, धूळ चिकटलेले तेलाचे काळे ओघळ हा कबुलीजबाब समजावा. पात्याचे टोक धरून पुढे-मागे हलवल्यावर ते पाच-सहा मिलिमीटरहून अधिक डुलले तर आतली बेअरिंग गेली आहे, आणि अशा वेळी पंखा एखाद्या दिवशी स्वतःच रेडिएटरच्या भेटीस जातो. चालत्या पंख्यात वर्तमानपत्राची गुंडाळी खुपसून तो थांबतो का हे पाहण्याची एक जुनी परीक्षाही सांगितली जाते, परंतु तीत बोटे जाण्याचा संभव असल्याने त्या कामी कोणतेही वर्तमानपत्र, विशेषतः प्रस्तुत अंक, वापरू नये.

आता तिसरा संप्रदाय, ज्याला गॅरेजांत ‘डायरेक्ट’ म्हणतात. क्लच निकामी आहे हे या एकाच पंथाला पटलेले असते, पण उपाय म्हणून तो डब्याला आरपार बोल्ट मारून किंवा वेल्डिंग करून पंखा आसाशी कायमचा जखडतो. मग पंखा पहाटेच्या गारव्यात, पावसात, रिकाम्या गाडीत अहोरात्र गर्जत राहतो, डिझेल पितो आणि पंपाच्या बेअरिंगवर भार टाकतो. जो कधीच काम करत नव्हता त्याला नको तेव्हाही काम करायला लावणे ही सुधारणा म्हणून गणली जाते. त्यातच 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. एसीची उष्णता सोडणारी जाळी रेडिएटरच्या पुढेच बसत असल्याने त्या ट्रकांच्या पंख्यांवर काम वाढणार. जुन्या ट्रकाचा चालक मात्र इंजिनाच्या बॉनेटला मांडी लावून पूर्वीसारखाच बसणार.

बदलणे हे त्या मानाने किरकोळ. बॅटरीची तार सोडावी, पंख्याभोवतीचे श्राउड सैल करून मागे घ्यावे, पाते लागून रेडिएटरची जाळी फाटू नये म्हणून मध्ये पुठ्ठा घालावा आणि मग आसावरचा नट सोडावा. अनेक गाड्यांत त्याला उलटे आटे असतात, म्हणून पाना नेहमीच्या दिशेने नेटाने ओढत राहणारा इसम नट सोडत नसून आवळत असतो, आणि पुढे पंपाचा आसही बदलावा लागतो. नवा क्लच आडवा न ठेवता पंख्याला असतो तसा उभाच ठेवावा, नाहीतर तेल आतल्या आत भलत्या कप्प्यात उतरते. बसवल्यावर पहिल्यांदा इंजिन सुरू करताच तेल जागेवर जाईपर्यंत, म्हणजे मिनिट-दोन मिनिटे, पंखा मोठ्याने घोंगावतो, आणि नेमक्या त्याच वेळी मालक गॅरेजवाल्याला सुनावतो की नव्या मालात खोट आहे, जुना परत बसवा, तो निदान आवाज तरी करत नव्हता.