शून्य फिरवायला लागणारा वेळ

माथेरानला गाडी वर नेता येत नाही. ती दस्तुरी नाक्यावर सोडायची आणि पुढं पाय, घोडा किंवा अमन लॉजहून सुटणारी झुकझुकगाडी, यांतलं जे खिशाला आणि गुडघ्याला झेपेल ते निवडायचं. अलीकडे ई-रिक्षाही आल्या आहेत, पण आमच्या अण्णांना त्या मान्य नाहीत. 1907 साली नेरळहून दोन फुटी रुळांवरून गाडी वर आली तेवढं पुरे होतं, असं त्यांचं मत. डिझेलच्या त्या गाडीत बसल्यावरही त्यांनी डोळ्यांपुढं रुमाल धरला. कोळशाची कणी जाते म्हणे.

"तुमच्या पिढीला मोबाइलशिवाय एक दिवस काढून दाखवा म्हणावं," हे ते दस्तुरीपासून ओमला ऐकवत होते. ओम नववीत आहे. त्यानं एका कानातली गुंडी काढून "हो आजोबा" म्हटलं आणि परत घातली.

रात्री वादळ झालं. वीज गेली, सकाळपर्यंत मोबाइलचा टॉवरही गेला. हॉटेलच्या मॅनेजरला जनरेटरचं विचारलं तर म्हणाला, "आहे ना साहेब, पण बिघडलाय. दुरुस्तीला खाली न्यायचा तर गाडी पाहिजे."

ओम घोडेवाल्याच्या पोराबरोबर गोट्या खेळायला पळाला. इकडं अण्णांचा चेहरा चहा पिऊनही उतरलेलाच. समस्त नातलगांना पाठवायचं गुलाबाच्या फुलाचं सुप्रभात खोळंबलं होतं. दहाच्या सुमाराला त्यांनी जाहीर केलं, "हवा मानवत नाही. आजच निघू."

नेरळचा टॅक्सीवाला उद्या येणार होता. त्याचं कार्ड माझ्या पाकिटात होतं आणि काउंटरवर चकतीचा काळा फोन. त्याला लागणारी वीज एक्सचेंजकडून तारेतूनच येते, म्हणून अख्ख्या हॉटेलात तेवढा एकच जिवंत.

"सरका," अण्णा म्हणाले. चाळीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव बोटात आणून त्यांनी चकती फिरवली. पण मधल्या काळात बोटाला काचेवर टिचक्या मारायची सवय लागलेली. चकती आपसूक मागे येईपर्यंत धीर धरवेना, ते ती हातानंच मागे ढकलत. चकती परतताना जे ठोके पडतात त्यांवरून एक्सचेंज आकडा ओळखतं. घाई केली की नऊचा आकडा भलताच होतो. पहिला फोन कुणा बाईंना लागला. दुसरा लागलाच नाही. मग "आपल्या दादरच्या गोखल्यांचा नंबर पाठ आहे मला!" म्हणून त्यांनी तो घडाघडा म्हणून दाखवला. सहा आकडी! गोखले जाऊन बारा वर्षं झाली.

मी पुढं झालो. माझं तारुण्य एसटीडी बूथवर, रात्री अकरानंतरच्या स्वस्त दरात गेलं. समोर लाल आकडे पळत नसतील तर मला फोनवर सुचतच नाही. मोबाइलच्या आधी शून्य लावायचा 2021 सालचा नियम मी विसरलो, ते वेगळंच.

गोट्या जिंकून आलेला ओम शेजारी उभं राहून बघत होता. "थांबा. ती परत येताना कट्-कट् वाजते ना, तेच मोजतंय ते. शून्याचे दहा." त्यानं शांतपणे, प्रत्येक वेळी चकती पूर्ण परतू देत, अकराच्या अकरा आकडे फिरवले. पलीकडे घंटी वाजली. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पोरगं त्यांच्याच हाताखाली शिकलंय.

तिकडून "हॅलो" आलं आणि ओमचा चेहरा पांढराफटक. "बाबा, कुणीतरी बोलतंय!" त्यानं रिसीव्हर माझ्या हातात कोंबला. अनोळखी माणसाशी फोनवर थेट बोलायचं असतं, ही कल्पनाच त्याला रानटी वाटली असावी. मी तोंड उघडेपर्यंत अण्णांनी तो हिसकावला.

"हॅलोऽऽ! माथेरानहून बोलतोऽऽय!" ट्रंककॉलचं एक शास्त्र होतं: गाव जितकं लांब, तितका आवाज मोठा. नेरळ फार लांब नाही, पण अण्णांनी थेट नागपूर धरलं. बाहेर बांधलेला घोडा दोन पावलं मागे सरकला. "आऽऽज या! दुपारी दोऽऽन!"

पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला.

"येतो काका. फक्त लोकेशन टाका."

"अहो दस्तुरी! गाड्या दस्तुरीच्या पुढं येतात का कधी?"

"ते माहितीये काका. पण टाकून ठेवा."