तंबोरा न घेता तंबोऱ्याचे जाणकार व्हा
दौंड आणि पंचक्रोशीतल्या नवशिक्यांसाठी

आधी एक दिलासा. या छंदाला गाता यावं लागत नाही. सूर ओळखता आला नाही तरी चालतं. घरात तंबोरा असण्याची तर मुळीच गरज नाही. असला की सगळा वेळ खुंट्या पिळण्यात जातो आणि बोलायला काही उरत नाही. लागतात ती चार समविचारी माणसं, चहा आणि मिरजेच्या कारागिरांबद्दलची खोल, बिनखर्चाची कळकळ.

१. जागा धरा. दौंड जंक्शनइतकी सोयीची जागा दुसरी नाही. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन इथे काढून दुसऱ्या टोकाला लावतात. तेवढ्या वेळात दोन कप चहा आणि एका घराण्याचा निकाल आरामात लागतो. अलीकडे काही गाड्या कॉर्ड लाइनने परस्पर निघून जातात. त्यावरही हळहळा. पुढे हळहळीचंच काम आहे, सराव होईल.

२. भूगोलावर हक्क सांगा. पुणेकरांकडे सवाई गंधर्व महोत्सव आहे, आपल्याकडे भीमा आहे. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतो, आणि तिकडे जाणारी भीमा आधी दौंडला वळसा घालून जाते. तेव्हा कुठलाही तंबोरा दिसला की भोपळ्याकडे मायेनं बघत म्हणा, "आपल्याच पाण्यावर वाढलेला." मध्ये उजनीचं धरण आहे, असं कोणी म्हणालं तर तो पाटबंधारे खात्याचा माणूस समजून सोडून द्या. मुळा-मुठा आपल्याच तालुक्यात भीमेला मिळते. तेव्हा मिरजेच्या सुरात पुण्याच्या सांडपाण्याचा वाटा किती, हा विषय मात्र चारचौघांत काढू नका.

३. इतिहास थोडक्यात उरका. शस्त्रांना धार-पाणी करणारे शिकलगार, पटवर्धनांचं मिरज संस्थान, एकोणिसाव्या शतकातले फरीदसाहेब सतारमेकर: तलवारींचं काम सुटलं आणि ते हात तारांच्या वाद्यांकडे वळले. एवढं पुरे. मग अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव घ्या. ते मिरजेत राहिले, १९३७ साली गेले, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि तिथे दरवर्षी उरुसाला मोठमोठे गवई हजेरी लावतात. नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायला विसरू नका. नुसता हात लावून नाव घेतलं नाही तरी चालतं, उलटं केलं तर मात्र लक्षात येतं.

४. "हं" शिका. जाणकाराचं अर्धं काम "हं"वर होतं. भोपळा कडू असतो, खायचा नव्हे. तो वाळवतात, कापतात, भिजवून आतला गर खरवडतात, आकार धरावा म्हणून आतून काटक्यांचा आधार देतात. त्यावर लाकडाची तबली बसते, वर गळा, मग दांडी. लाकूड बहुधा तुणीचं, कर्नाटकाच्या बाजूनं आलेलं. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, असं दिसलं पाहिजे. ठाऊक असण्याची घाई नाही. तबलीवर बोटाच्या पेरानं एकदाच टकटक करा, डोळे मिटा आणि "हं" म्हणा. छोटा "हं" म्हणजे पसंत. लांबवलेला "हं" म्हणजे पूर्वीसारखं राहिलं नाही. शंका असेल तेव्हा लांबवा.

५. जवारीवर बोला, आणि इथे जरा वेळ काढा, कारण गंमत खरोखर इथे आहे. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला नजरेला न दिसणारा उतार असतो. तार त्या उतारावर हलकेच घासत थरथरते आणि एका सुरातून सुरांचा झुबका उठतो, हीच जवारी. गिटारवाल्याची तार पट्टीला घासून झणझणली की तो दुरुस्तीला धावतो. आपल्याकडे हीच झणझण नेमकी यावी म्हणून कारागीर कानस हातात घेऊन बसतो: दोनदा घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, पुन्हा घासायचं. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये साधा सुती दोरा. तो केसभर पुढे सरकवला की आवाज मिटतो, केसभर मागे घेतला की फुलतो. वाजवून वाजवून तारेची खाच पडते आणि काही काळानं जवारी पुन्हा काढावी लागते.

हे काम ज्याच्या कानात आहे त्याच्याच हातात आहे. ते कागदावर लिहून ठेवलेलं नाही. म्हणूनच तुमच्यासाठी ते सोन्याची खाण आहे, कारण तुम्ही काय बोललात ते तपासणार कोण? "जवारी जरा बंद वाटते" हे वाक्य जगातल्या कुठल्याही तंबोऱ्याबद्दल, कुठल्याही दिवशी म्हणता येतं. कोणी घोडीचा विषय काढला तर आवाज खाली आणा आणि म्हणा, "हस्तिदंताची गोष्टच निराळी होती." आवाज खाली आणण्याला संगीताचं कारण आहे तसं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचंही आहे. आता घोड्या उंटाच्या हाडाच्या असतात, नाहीतर कृत्रिम साहित्याच्या. त्यांना नावं ठेवायला परवाना लागत नाही.

६. भविष्याची चिंता करा. छंदाचा गाभा हाच, बाकी सगळी पूर्वतयारी. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. त्या दिवशी बातमी सगळ्यांना पाठवा, खाली हात जोडल्याचं चित्र टाका. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा काळजीला लागा: कारागिरांची मुलं गादीवर बसत नाहीत, एवढी मेहनत करून हातात येतं काय, अवकाळी पावसानं भोपळे जातात, चांगलं लाकूड मिळत नाही. हे सगळं खरं आहे. त्यामुळे बोलताना आवाज आपोआप कातर होतो, वेगळा अभिनय लागत नाही. चर्चा जागतिक करायची असेल तर गिब्सन घ्या. इलेक्ट्रिक गिटारमधलं एवढं बडं नाव, त्यांनीही २०१८ साली दिवाळखोरीचा अर्ज केला होता. पुढे काही महिन्यांत ती कंपनी सावरली, हे सांगू नका, मूड जातो.

मग यंत्रावर घसरा. १९७९ च्या सुमारास बंगळुरूहून इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी आली, पुढे तोच तंबोरा मोबाइलमध्ये शिरला. यावर रागानं बोलायचं असतं. पण बैठकीला सूर तर हवाच, म्हणून कोणाच्या तरी मोबाइलवर काळी एक लावून ठेवा. त्या सुरावर तंबोऱ्याच्या अंताबद्दल बोललेलं फार भरीव लागतं. ॲप फुकटचं असेल तर पंचमानंतर कर्जाची जाहिरात येते, त्या वेळी कपात बघा. ॲपला पैसे भरावेत का? छे. कलेवर प्रेम करावं, व्यवहार मध्ये आणू नये.

आणि हो, "आपण एक सामूहिक तंबोरा घेऊ या" असं गटातला एखादा उत्साही म्हणेल. त्याला लगेच विरोध करू नका. खर्जाचा की जनानी, यावर मत विचारा. मग तो ठेवायचा कोणाच्या घरी, हे विचारा. एवढ्यानं विषय मिटतो. तरीही नाही मिटला तर त्या माणसाला खजिनदार करा, म्हणजे तोच मिटवेल.

७. वीणेकऱ्यापासून सांभाळा. हा सगळ्यात मोठा धोका, आणि तो आपल्याच तालुक्यात जास्त. तुकोबांची पालखी यवत, वरवंडवरून जाते. कुठल्यातरी दिंडीत गळ्यात वीणा घातलेला एखादा शेतकरी असतो. त्यानं ती मिरजेहून रोख पैसे मोजून आणलेली असते. त्याला तुणीचं लाकूड ठाऊक नसतं, घराणं ठाऊक नसतं, वाद्याच्या भवितव्याबद्दल त्याचं काहीच मत नसतं. गावातल्या सप्ताहात सात दिवस ही वीणा खाली ठेवत नाहीत. रात्री दोनच्या पहाऱ्याला एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, देताना-घेताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात. तार तुटली की हा माणूस कोपरीच्या खिशातून दुसरी काढतो आणि उभ्याउभ्याच चढवतो. जवारीचा दोरा हरवला तर उपरण्याच्या काठाचा एक धागा ओढतो, दातानं तोडतो, तारेखाली सरकवतो, आणि आवाज उघडतो.

अशा माणसाला बैठकीला बोलावू नका. तो हौसेनं येईल, मोबाइलमधल्या तंबोऱ्याकडे बघेल आणि भाबडेपणानं विचारेल, "तुमचा कुठाय?" बरं, तुम्ही जवारीवर बोलायला लागलात की तो ऐकून घेतो, मान डोलावतो आणि "माउली, आम्हाला काय त्यातलं कळतंय" म्हणतो. नवशिके इथेच खचतात. तुम्हाला त्यातलं कळतं, हे स्वतःला दोन-तीनदा सांगा.

८. मिरजेची वारी करा. एकदा तरी जावंच लागतं, फोटोसाठी. दौंडहून कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज असं जा किंवा पुण्यावरून साताऱ्याच्या बाजूनं. सतारमेकर गल्लीत सकाळी पोचा, म्हणजे कारागीर कामात असतील. चपला बाहेर काढा. भुशात मांडी घालून बसा, मांडीवर अर्धवट झालेला भोपळा घ्या आणि फोटो काढायला सांगा. टकटक, डोळे मिटून "हं", कानाच्या पाळीला हात, सगळं करा. ते चहा मागवतील. नको म्हणू नका, पण पैसे द्यायचा आग्रहही फार ताणू नका. "ही कला टिकली पाहिजे" असं किमान दोनदा म्हणा. दुसऱ्यांदा म्हणाल तेव्हा समोरचा वयस्क कारागीर हातातली कानस खाली ठेवेल, पुसून चष्मा लावेल, फळीवरची वही काढेल आणि अगदी साधेपणानं विचारेल, "पट्टी कुठली साहेब? नाव काय लिहू?"

घाबरू नका. घड्याळ बघा. मिरजेहून दिवसभरात गाड्या पुष्कळ आहेत, पण तुमची नेमकी आत्ताच आहे.