सेकंडहँड तेराशे डिझेल : नवमालकांसाठी प्राथमिक पाठ

अभिनंदन. जुनी का होईना, आपण डिझेल गाडी घेतलीत. स्विफ्ट असो, डिझायर असो, इंडिका व्हिस्टा, लिनिया, झेस्ट किंवा पहिली ब्रेझा असो, बॉनेटखाली एकच इंजिन निघण्याची शक्यता दांडगी : फियाटचं १.३ मल्टिजेट. मारुतीनं त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटांनी क्वाड्राजेट. इतक्या गाड्यांत ते बसलं की लोक त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणू लागले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि आपल्याकडच्या नव्या गाड्यांतून ते गेलं. तेव्हा यापुढचा प्रत्येक नवा मालक हा कुणातरी जुन्या मालकाच्या सवयींचा वारसदार. प्रस्तुत पाठ अशा वारसांसाठी आहेत.

प्रथम आकडे पाठ करावेत. गाडी चालवताना त्यांचा उपयोग शून्य, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांच्यावाचून उभं राहता येत नाही. १२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व, ४००० आरपीएमला ७५ पीएस आणि २००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर टॉर्क. शेवटचा आकडा जरा सावकाश उच्चारावा. याच इंजिनाची ९० पीएसची व्हीजीटी टर्बोवाली आवृत्तीही आहे. आपली ७५ ची असेल तर तो विषय निघताच ‘सिटीत काय करायचंय’ म्हणून उडवून लावावा. इंजिन कुठलं, असं कुणी विचारलं तर इटलीचं म्हणून सांगावं. खोटं नाही ते. मात्र आपल्याकडे ते बनायचं रांजणगावला, महागणपतीच्या पंचक्रोशीत, आणि हरियाणात मानेसरला. मागणी इतकी वाढली की २०१२ मध्ये मारुतीनं रांजणगावहूनही इंजिनं घ्यायचा करार केला. आपल्या हरियाणवी स्विफ्टचं काळीज शिरूर तालुक्यातलं असू शकतं.

आता चालवण्याकडे. कुंभार्ली घाटात पुढे उसाची ट्रॉली आहे, आपण तिसऱ्या गिअरमध्ये आहोत, काटा दीड हजारावर. अॅक्सिलरेटर दाबावा. काही होणार नाही. आणखी दाबावा. तरीही नाही. शेजारी बसलेल्या मेहुण्यानं ‘पिकअप नाही का हो हिला?’ असं विचारलं की नेमका काटा दोन हजाराला पोचतो, टर्बो जागा होतो आणि गाडी ट्रॉलीच्या पाठीवर धावून जाते. याला टर्बो लॅग म्हणतात. एक गिअर खाली टाकला की प्रश्न मिटतो. पण मग अॅव्हरेज पडेल, या भीतीनं निम्मे नवशिके पाचव्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगानं फिरतात. इंजिन धडधडतं, काजळी ईजीआर व्हॉल्वमध्ये साठते आणि वाचवलेलं डिझेल पुढे गॅरेजच्या बिलात सव्याज जमा होतं.

हायवेवरून शंभरच्या वेगानं आल्यावर ढाब्याच्या दारात करकचून थांबावं आणि त्याच क्षणी चावी फिरवावी, अशी रीत आहे. ती पाळायची असेल तर आत काय चालतं हे ऐकून पाळा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि बेअरिंगला टेकत नाही, ऑईलच्या पातळ थरावर तरंगतो. इंजिन बंद म्हणजे ऑईल पंप बंद. लालबुंद टर्बाइनची धग तिथं अडकलेल्या ऑईलमध्ये उतरते आणि ऑईल जळून त्याचा कोळसा धरतो. अर्धा-एक मिनिट आयडलिंगवर ठेवलं तर हे टळतं. सकाळी सेल्फ मारल्या मारल्या रेस करणाऱ्यालाही हेच लागू. ऑईल अजून वर पोचलेलं नसतं.

मात्र खरा अभ्यासविषय ऑईल हाच. या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. ‘चेन आहे, बघायला नको’ हे वाक्य आपल्याला गाडी विकणाऱ्यानं ऐकवलंच असेल. चेनला ताणून धरणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो, आणि ऑईल काजळीनं दाट झालं की तीच काजळी चेनचे सांधे खाते. चेन सैल होते आणि सकाळी थंड इंजिन चालू करताना पहिले दोन-तीन सेकंद खळखळ असा आवाज येतो. हा आवाज ऐकून रेडिओ मोठा करणारे लोक मी पाहिले आहेत. पुढे एके दिवशी चेन दात सोडते, व्हॉल्व पिस्टनला भिडतात आणि मेस्त्री ‘हेड उतरवावं लागेल’ असं अत्यंत शांतपणे सांगतो.

बरं, डिझेलचं ऑईल नवं टाकल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. डिपस्टिक पुसून, बोटांत चोळून, ‘अजून चिकटपणा आहे’ असा निर्वाळा देणाऱ्या जाणकाराचं ऐकू नये. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. मॅन्युअलमधलंच ग्रेड, फिल्टरसकट. लागतं तीन लिटरच्या आसपास. हे इंजिन मजबूत आहे अशी ख्याती नसती, तर लोकांनी एवढं नक्की केलं असतं. ‘लाख किलोमीटर हात लावला नाही’ असं अभिमानानं सांगणाऱ्याची गाडी घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

डिझेल फिल्टरबाबत थोडक्यात : रेलमध्ये डिझेल हजार बारहून जास्त दाबानं असतं, आणि हाय-प्रेशर पंपाला वंगण म्हणून दुसरं काही नाही, तेच डिझेल. त्यात पाणी आलं की पंप आणि नोझल दोन्ही गेले. म्हणून पाण्याचा दिवा लागला की ‘सेन्सर खराब आहे’ असा शोध लावू नये. पंपावरच्या पोऱ्यानं चुकून पेट्रोल भरलं तर चावीला हात न लावता गाडी ढकलावी. भांडण नंतर करता येतं.

शेवटचा पाठ, विकताना. बॉनेटखाली पाणी मारून पॉलिश करावं. ग्राहक दहाला येणार असेल तर साडेनऊला एक चक्कर मारून यावी, कारण गरम इंजिनाची चेन सहसा तोंड उघडत नाही. तरी एखादा खडूस ग्राहक गाडीभोवती न फिरता आधी बॉनेटवर तळहात ठेवतो, चालू इंजिनाच्या ऑईलचं झाकण काढून धूर बघतो, आणि सर्व्हिसची बिलं मागतो. अशा माणसाला चहा विचारा, पण किमतीवर अडून बसू नका.