आधी नखं दाखव

जागतिक कुस्ती संघटनेच्या नियमावलीत दाढीविषयी एक कलम आहे. पैलवानाची दाढी एक तर गुळगुळीत केलेली हवी, नाहीतर चांगली कित्येक महिन्यांची वाढलेली हवी. मधली अवस्था चालायची नाही. का, तर दोन दिवसांची खुंटं समोरच्याची मान आणि पाठ सोलून काढतात. हे कलम ज्याने घातलं त्याला कुणीतरी कधीतरी नक्की सोललेलं असणार. इतका बारकावा नुसत्या कल्पनेतून येत नाही.

त्याच नियमावलीत पुढे असंही आहे की नखं अगदी बारीक कापलेली हवीत आणि ती वजनाच्या वेळी तपासावीत. अंगाला तेलकट काही लावलेलं नसावं. कातडीचा संसर्गजन्य रोग नाही ना, हे डॉक्टरांनी बघावं. आणि पैलवानाजवळ कापडी रुमाल असावा, तो कुस्तीआधी पंचाला दाखवावा. दोन धिप्पाड माणसं एकमेकांना उचलून आपटणार, आणि पंच आधी विचारणार, रुमाल आणलास का? मला तर हे वाचून बालवाडीच आठवली.

पण आमच्या कोल्हापुरात असलं काही लिहून ठेवायची वेळ आली नाही. तालमीत कलमं नसतात, वस्ताद असतात. माझा मुलगा जायला लागला तेव्हापासून मी दारापर्यंत जाते. दारापर्यंतच. आता पोरीही झकास कुस्ती खेळतात, पण या जुन्या तालमीच्या उंबऱ्याशी माझेच पाय थबकतात. कुणी अडवलेलं नाही. दारातून मात्र सगळं दिसतं. मारुतीच्या तसबिरीखाली खिळ्याला सुतळीने बांधलेला एक नेलकटर लोंबतो. उदबत्ती, शेंदूर, नेलकटर. बांधलेला अशासाठी की तालमीतून बदाम चोरीला जात नाहीत, नेलकटर जातो.

पोरगं आलं की वस्ताद म्हणतात, "आधी नखं दाखव." मग बोट हातात धरून नखाच्या कडेवरून स्वतःचा अंगठा फिरवतात. डोळ्यांवर त्यांचा भरवसा नाही. अंगठ्याला जरा खरखर लागली की मान तसबिरीकडे वळते, पोरगं मुकाट नेलकटरकडे जातं. पुढचा हुकूम, "हात वर कर." हा नायट्यासाठी. पोरं नायटा लपवतात, कारण नायटा दिसला की कुस्तीच्या हौद्यात बंदी आणि बंदी म्हणजे नुसत्या बैठका. एकदा एकाने लपवला, तर पंधरा दिवसांत साऱ्या तालमीने खाजवायला सुरुवात केली. नायट्याला ज्येष्ठता कळत नाही, तो पठ्ठ्यालाही होतो आणि पैलवानालाही. तेव्हापासून वस्ताद काखाही बघतात.

चप्पल बाहेर, पाय धुऊन आत, माव्याची पुडी दारातल्या कोनाड्यात. शेवटचा नियम शिव्यांचा. कोल्हापुरात जिवाभावाचं बोलणं शिवीशिवाय सुरू होत नाही, हे सांगायला नकोच. पण हौद्यात शिवी दिली की शंभर जोर. त्यामुळे आत जिवलग मित्रसुद्धा एकमेकांशी सरकारी पत्रासारखे बोलतात आणि बाहेर आल्यावर पायरीवर बसून थकबाकी फेडतात.

एवढं सोवळं पाळून पोरं उतरतात कशात, तर मातीत. सुरुवातीला मला याचं हसू यायचं. अंघोळ करून, नखं कापून, पाय धुऊन चिखलात लोळायचं. पण ती माती आपल्या अंगणातली नव्हे. लाल माती चाळून घेतात, खडा राहू देत नाहीत. त्यात हळद, कापूर, लिंबाचा रस, ताक, तेल घालतात, कुठे कडुनिंबाचा पालाही पडतो, आणि मग ती मळून मुरवतात. रोज पहाटे फावड्याने हौदा खणून भुसभुशीत करायचा, तेव्हा पाठ टेकली तर हाड वाचतं. हौदा खणण्यात आधीच निम्मी मेहनत होते, आणि ज्याने पहाटे माती खणली तो त्यात थुंकत नाही. पाटी लावावी लागत नाही.

सलामीला पैलवान चिमूटभर माती कपाळाला लावतो, तो भक्तीचा भाग झाला. मला जास्त आवडतो त्यानंतरचा. दोघेही मूठभर माती घेऊन स्वतःच्या अंगाला चोळतात, समोरच्याच्याही खांद्यावर, मानेवर टाकतात. घामाने निसरड्या अंगावर पकड बसत नाही, म्हणून. म्हणजे समोरच्याला आपल्याला नीट धरता यावं याची सोय आपणच करून द्यायची. तेल लावून आलेला माणूस हातातून सटकत राहील, कदाचित हरणारही नाही, पण त्याला कुणी पैलवान म्हणणार नाही. खासबागेच्या मैदानात, जे शाहू महाराजांनी बांधवलं आणि १९१२ मध्ये खुलं झालं, हौदा मध्यभागी खोलगट आहे आणि बसायच्या जागा चहूबाजूंनी चढत जातात. तिथे कुणी माती लावून घेताना हात आखडला तर शेवटच्या रांगेतला म्हातारासुद्धा ओरडतो.

मॅटवर माती नाही, म्हणून तिथे ते तेलाचं कलम. खाशाबा जाधव याच मातीतून १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, मॅटची सवय नसताना सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं. पायाखालचं बदललं तरी नखांची गोष्ट बदलली नाही.

मुंबईच्या लोकलमध्ये सकाळी माणसं पैलवानांपेक्षाही जास्त चिकटून उभी असतात. कुणाची दाढी कुणाच्या गालाला लागते, कुणाची काख कुणाच्या नाकाशी असते. पण तिथे आपण तो माणूस नाहीच असं समजून छताकडे बघतो. कुस्तीत ती पळवाट नाही. ज्याच्या काखेत आपली मान अडकणार आहे, त्याच्या अंघोळीची चौकशी हे मग उद्धटपण राहत नाही. "आंघूळ केलीस का?" "व्हय वस्ताद." "कधी?" या 'कधी'वर बरेच जण गडबडतात.

पण सगळ्यात अवघड रीत नखांची नाही की अंघोळीची. ती जोड लावताना दिसते. वस्ताद कधी कधी लहान पोराला मोठ्या पैलवानाशी लावतात. मोठ्याने त्याला खेळवायचं, डाव घेऊ द्यायचा, चुकला तर पुन्हा घेऊ द्यायचा, आणि बरोबर बसला की पडायचं. खोटं पडायचं नाही, पोराला कळतं. डावात जितकं खरं असेल तितकंच पडायचं. एका नव्या पैलवानाने भरात येऊन पोराला दणकन आपटलं, तर वस्ताद काही बोलले नाहीत, नुसतं फावड्याकडे बोट केलं. आठवडाभर हौदा त्याने एकट्याने खणला.

गेल्या महिन्यात माझा मुलगा धावतच बाहेर आला. नव्वद किलोच्या पैलवानाला त्याने ढाक लावली होती. रस्ताभर त्याने मला तीच ढाक हवेत तीन प्रकारे लावून दाखवली, एकदा भाजीवाल्या मावशींच्या टोपलीला धक्का लागता लागता राहिला. दुसऱ्या दिवशी तो नव्वद किलोचा दारातच भेटला. पाय धूत होता. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "वैनी, डाव लई झाक बसला बघा पोराचा. फकस्त कमरेत जरा कमी पडतंय, दूध वाढवा."

मुलाने हे शब्द जसेच्या तसे घरी सांगितले, फक्त कमरेचा भाग वगळला. रतीब अर्ध्या लिटरने वाढला आहे.