भाऊंचा नवा सभासद

आमच्या तालुक्याच्या 'ब' वर्ग वाचनालयात देवघेवीच्या खिडकीमागे भाऊ बसतात. १९६७च्या ग्रंथालय कायद्याहून ते दोनच वर्षांनी धाकटे. अनुदानाचा विषय निघाला की थोरल्या भावाच्या उधारीबद्दल बोलावं तसं बोलतात.

फोनवरचं कोणतंही नवं ॲप भाऊंच्या लेखी नवा सभासद असतं. आधी आपादमस्तक न्याहाळायचं, मग एखादं पाठपुठ्ठा सुटलेलं पुस्तक देऊन बघायचं. फुकट ॲपवर तर त्यांचा विशेष संशय. "अनामत न ठेवणारा पुस्तक बुडवतोच." आणि बुडवलंही. कुठल्याशा फुकट सोयीतून क्यूआर कोडचे चौकोन काढून त्यांनी प्रत्येक कपाटाला लॅमिनेट करून चिकटवले होते. स्कॅन केलं की त्या कपाटातल्या पुस्तकांची यादी दिसे. पंधरा दिवसांनी यादी गेली आणि गादीची जाहिरात उघडू लागली. चौकोन अजून आहेत. चरित्रांच्या कपाटावरची गादी जरा महाग आहे.

पासवर्डही त्यांनी धंद्याला धरूनच ठेवला : मराठी कादंबरीचा ड्यूई क्रमांक, ८९१.४६३. आठ अक्षरं भरेनात म्हणून शेवटी उद्गारचिन्ह. विसरायला नको म्हणून जुन्या तालिका-कार्डाच्या पाठीवर लिहून ते कार्ड 'प' च्या खणात लावून ठेवलंय.

पण खरी मजा आली ती यादी संगणकावर चढवताना. दोन बोटांनी अकरा हजार पुस्तकं निवृत्तीपर्यंत काही चढत नाहीत. नातीने सांगितलं, "आजोबा, बोला नुसतं, आपोआप उमटतं." भाऊंनी दाखल नोंदवही उघडली, घसा खाकरला आणि आकाशवाणीच्या बातम्यांच्या सुरात म्हणाले, "दाखल अंक चार हजार दोनशे सतरा. ययाति. वि. स. खांडेकर."

उमटलं : 'या या ती विस खांडे कर'.

"अरे, १९७४चं ज्ञानपीठ आहे त्यांना, नीट ऐक जरा!" भाऊ फोनवर ओरडले. तेही उमटलं. तेवढ्यात पेपर वाचणाऱ्या एका आजोबांनी पंखा वाढवायला सांगितलं. तो दाखल अंक ४२१८ झाला. आजही आमच्या यादीत 'पंखा तीनवर कर' नावाचं पुस्तक आहे, विषय : संकीर्ण. 'ययाति' शोधलं तर संगणक 'आढळले नाही' म्हणतो. भाऊ मान वर न करता सांगतात, "तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा, पुठ्ठा लाल, पहिल्या पानावर चहाचा डाग." त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीवर रंगनाथनांची पंचसूत्री टांगलेली आहे, १९३१ची. त्यातलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवायला सांगतं. संगणक सुरू होईपर्यंत वाचक ती पाटी दोनदा वाचून काढतो.

आणि यंदा आला तो चॅटबॉट. हा सभासद भाऊंना एकदम आवडला. अदबीने बोलतो, शुद्ध बोलतो, खिडकीवर कोपर टेकवत नाही. एका विद्यार्थ्याला आपल्या तालुक्याचा इतिहास हवा होता. भाऊंनी विचारलं, त्याने तत्काळ पुस्तक सांगितलं. नाव, लेखक, प्रकाशन, साल, पृष्ठसंख्या २१६. भाऊ ओशाळले. तीस वर्षं खिडकीत बसून हे पुस्तक आपल्याला ठाऊक नाही! दोन दिवस कपाटं उपसली, स्टुलावर चढून माळ्यावरच्या डांबरगोळ्या हलवल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तर त्याने क्षमा मागितली आणि दुसऱ्याच पुस्तकाचं नाव दिलं. न नेलेलं पुस्तक परत करून वर माफी मागणारा सभासद भाऊंनी जन्मात पाहिला नव्हता.

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. भाऊंनी पुस्तक मागणी-नोंदवहीत चढवलं होतं, कार्यकारी मंडळाने मंजूर केलं होतं आणि वाचनालयाच्या व्हॉट्सॲप गटावर 'लवकरच' म्हणून टाकलंही होतं. लोक खिडकीशी येऊन विचारू लागले. असं पुस्तकच नाही, हे तीस वर्षं खिडकीत बसलेला माणूस कोणत्या तोंडाने सांगणार?

"ते होय?" भाऊ नोंदवहीत बोट फिरवत म्हणतात. "बाहेर गेलंय. नाव लावून ठेवा."

माझा नंबर पाचवा आहे.