सोलला जाताना लंडनचा वळसा कशाला?

मालिका बघून, गाणी ऐकून, मोबाइलवर धडे गिरवून आपली पोरं घरबसल्या कोरियन शिकतात. घरचे नाकं मुरडतात. फ्रेंच शिकली तर कौतुक, कोरियन शिकली तर खूळ! रांजणगावात एलजी आहे, तळेगावात ह्युंदाई आहे, माणगावजवळ विळे-भागाडला पोस्को आहे, सगळ्या कोरियन कंपन्या. मग खूळ नक्की कुणाला लागलंय?

तेव्हा मी शिकणाऱ्यांच्या बाजूचा. भांडण आहे ते त्यांनी धरलेल्या वाटेशी.

मराठी घरातली मुलगी इंग्रजी पुस्तक उघडते आणि इंग्रजांना शिकवतात तसं कोरियन शिकते. पहिल्या पानालाच धास्तावते. कारण अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेने कोरियनला सर्वांत अवघड गटात टाकलंय. वर्गात २२०० तास बसावं लागतं म्हणे.

कुणाला? मायबोली इंग्रजी असलेल्यांना!

दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालून आपण आपल्यालाच बेढब का म्हणायचं?

कोरियनमध्ये क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, हे इंग्रजी पुस्तक जपून, हळूहळू समजावतं. आपलं कुठे येतं? प्रत्यय नामाच्या शेपटाला लागतात. आपले कुठे लागतात? क आणि ख यांतला फरक कळावा म्हणून तोंडासमोर कागद धरायला सांगतात, तो हलला की ख. बालवाडीतलं पोरही हा फरक कागदाशिवाय करतं.

आपली अडचण निराळी आहे. कोरियनमध्ये घसा आवळून काढायचा तिसरा क आहे, आणि साधा क दोन स्वरांच्या मधे सापडला की ग होऊन बसतो. तासन्‌तास घालवायचे तर इथे घालवा. फुंकरीचा कागद ठेवून द्या.

आता सगळ्यात मोठा बागुलबुवा. लिहिलेलं एक, उच्चार भलताच. ‘हानगुक’ म्हणजे कोरिया, ‘माल’ म्हणजे भाषा. दोन्ही जोडले की तोंडातून निघतं ‘हानगुङ्माल’. क गेला कुठे? शिकणारे कपाळाला हात लावतात, तक्ते पाठ करतात.

अरे, वाक् अधिक मय, वाङ्मय! जगत् अधिक नाथ, जगन्नाथ! पुढे अनुनासिक आलं की मागचं व्यंजनही त्याच वर्गातलं अनुनासिक होतं. दहावीला मार्कांसाठी घोकलेली व्यंजनसंधी इथे जिवंत बोलीत, रोजच्या गप्पांत धावते आहे. शाळेत शिकलेलं इतकं थेट कामाला येण्याची संधी पुन्हा कधी मिळणार? आणि ती सोडून आपण इंग्रजी तक्ते पाठ करतो.

लिपीचंही तेच. राजा सेजोंगने १४४३ मध्ये हंगुल तयार केली, १४४६ मध्ये जाहीर केली. चिनी अक्षरं शिकायला ज्यांना ना सवड ना गुरू, अशा साध्या माणसांसाठी. म्हणजे स्वतःचं स्वतः शिकणाऱ्यांसाठीच! न काढताना जीभ वर टेकते, तशीच त्या अक्षराची रेघ. मची चौकट म्हणजे तोंडाचा आकार. तेव्हाची अठ्ठावीस अक्षरं, आता मूळ चोवीस उरलीत.

राजाच्याच अभ्यासमंडळातल्या पंडितांनी १४४४ मध्ये लेखी विरोध केला. चिनी अक्षरं सोडली तर आपण रानटी ठरू, ही त्यांची भीती. मोठ्यांच्या भाषेतूनच शहाणपण येतं, असं मानणारे तेव्हाही होते.

इतकी सोपी लिपी, तरी महिनोन्‌महिने रोमन अक्षरांतून कोरियन वाचणारे आहेतच. देवनागरीतून वाचणारेही आहेत, आणि तेही तितकेच चुकतात. तो तिसरा क देवनागरीत कुठे लिहिणार? दोन-चार संध्याकाळी हंगुलला द्या आणि बाकीच्या लिप्या वहीतून हद्दपार करा.

आता मालिकांकडे वळू. कान तयार करायला उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण त्यात जिवलग मैत्रिणी बोलतात, भावंडं भांडतात. ती सलगीची बोली. कोरियनमध्ये समोरचा कोण यावर क्रियापदाचा शेवट ठरतो. इंग्रजीच्या एकट्या ‘यू’मधून शिकणाऱ्याला हे सहा महिने पचत नाही.

आपल्याला? बस, बसा, बसावं. झालं की!

पण इंग्रजीतून शिकलेल्या मराठी मुलीला हे आठवतच नाही. मुलाखतीत कोरियन साहेबासमोर ती मालिकेतलं वाक्य फेकते आणि त्याला ऐकू येतं, ‘ए, बस ना!’ पाहुण्याला ‘बसावं’ म्हणणाऱ्या घरातल्या मुलीकडून!

टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. नेहमीच्या परीक्षेत ऐकणं आणि वाचणं, वरच्या टप्प्यात लिहिणं. बोलण्याची परीक्षा वेगळी आहे. म्हणजे पातळीचं प्रमाणपत्र हातात आणि तोंडाला कुलूप, हे सहज होऊ शकतं. दुभाष्याच्या नोकरीत कुलूप काय कामाचं?

तेव्हा आज शिकलेलं वाक्य आजच मोठ्याने म्हणा. तीनदा म्हणा: एकदा धाकट्या भावाला, एकदा शेजारच्या काकूंना, एकदा साहेबाला. तिन्ही वेळा शेवट बदलला पाहिजे.